झांबेझी अडली, ग्वेम्बे बुडालं

१० सप्टेंबर १९५८ या दिवशी झांबेझी नदीच्या उत्तर तीरावरच्या चिसोमो गावात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ टोंगा माणसं ठार झाली. कितीतरी जखमी झाली. गावकऱ्यांच्या हातात भाले होते, पोलिसांच्या हातात बंदुका. गाव सोडायला गावकरी तयार नव्हते, एवढंच भांडणाचं कारण होतं. खालच्या अंगाला करिबाच्या घळईत एक प्रचंड भिंत उभी राहत होती. तिच्या मागे साठणाऱ्या पाण्यात चिसोमो बुडणार होतं, आणि सरकारने ठरवलेली नवी जागा त्यांना नको होती.

चिसोमोची माणसं भाल्यांनिशी बंदुकांवर का चालून गेली, हे कळायचं तर आधी ही नदी पाहायला हवी. झांबेझी आफ्रिकेतली चौथ्या क्रमांकाची लांब नदी. आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात ती उगम पावते, अंगोलात शिरते, पुन्हा झांबियात येते आणि बारोत्सेच्या विस्तीर्ण मैदानात पसरते. पुढे नामिबियाच्या चिंचोळ्या पट्ट्याला आणि बोट्स्वानाच्या टोकाला स्पर्श करून ती मोसी-ओआ-तुन्याच्या कड्यावरून १०८ मीटर खाली कोसळते. लिव्हिंग्स्टनने १८५५ मध्ये याच धबधब्याला आपल्या राणीचं, व्हिक्टोरियाचं नाव दिलं. तिथून अरुंद घळयांमधून निघाल्यावर ती ग्वेम्बे खोऱ्यात मोकळी होते, करिबाची घळ ओलांडते आणि मोझांबिकमधून हिंदी महासागराला मिळते. अडीच हजारांहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास.

या नदीकाठची माणसं पुराला शत्रू मानत नव्हती. वर बारोत्सेच्या मैदानात राहणाऱ्या लोझी लोकांचा राजा, लितुंगा, दरवर्षी पाणी चढलं की लेआलुईची आपली राजधानी सोडतो. नालिक्वांदा नावाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून, वल्हेकऱ्यांच्या आणि नगाऱ्यांच्या तालावर, तो उंचावरच्या लिमुलुंगाला मुक्कामाला जातो. पाणी ओसरलं की सगळे परत येतात. ही प्रथा आजही चालू आहे. पाण्यापुढे गाव सोडणं झांबेझीच्या माणसांना नवं नव्हतं. सोडलेल्या गावी परत यायचं असतं, एवढी खात्री मात्र त्यांना होती.

ग्वेम्बेतल्या टोंगांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं खोरं उकाड्याचं, पाऊस बेभरवशाचा. त्यांना जगवलं ते नदीने. ग्वेम्बेत वर्षाला दोन पूर यायचे: पहिला जवळच्या उपनद्यांचा, आणि दुसरा दूर अंगोलाकडून, बारोत्सेच्या मैदानात रेंगाळत रेंगाळत येणारा. दुसरा पूर ओसरू लागला की काठावरचा ओला गाळ उघडा पडायचा आणि त्या गाळपेरीत मका, शेंगा, तंबाखू लावला जायचा. पावसाळी पीक वेगळं. त्यात ज्वारी आणि बाजरी मुख्य. म्हणजे पावसाने दगा दिला तरी नदी दुसरी संधी द्यायची. काठाच्या या जमिनी कोणाच्याही नव्हत्या असं सरकारी नकाशावरून वाटेल, पण प्रत्येक तुकड्यावर कोणत्या ना कोणत्या कुळाचा हक्क होता. टोंगांमध्ये कूळ आईकडून चालतं, आणि गाळाच्या या जमिनींवर बायकांचेही हक्क होते. गावागावांत पावसासाठी गाऱ्हाणं घालायची ठाणी होती, त्यांना मालेंदे म्हणत. त्या मुलखात पहिल्यांदा वस्ती केलेल्या कुळातला सिकातोंगो तिथले विधी करायचा. पेरणी कधी, कापणी कधी, हे त्याच्या शब्दाने ठरायचं.

नदी ही दोन सरकारांमधली सीमा होती: उत्तरेला उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिणेला दक्षिण ऱ्होडेशिया. टोंगांना ती सीमा फारशी जाणवत नसे. एका लाकडाच्या कोरीव होडीत बसलं की पलीकडे मामाच्या घरी जाता येत होतं. लग्नं दोन्ही तीरांवर होत, मर्तिकाला दोन्ही तीरांवरची माणसं जमत आणि शिंगं, ढोल वाजत.

आता धरणाकडे वळू. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचं एक संघराज्य केलं. राजधानी सॉल्झबरी, म्हणजे आजचं हरारे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती सूत्रं असलेल्या या संघराज्याला आपलं सामर्थ्य दाखवणारं एक मोठं काम हवं होतं. निमित्तही खरं होतं. उत्तर ऱ्होडेशियातल्या कॉपरबेल्टच्या तांब्याच्या खाणींना विजेची भूक होती. दक्षिणेतल्या वांकीहून येणारा कोळसा पुरत नव्हता, रेल्वेला तो वाहणं झेपत नव्हतं, आणि खाणींचे बॉयलर चालवायला जंगलं तोडून लाकूड जाळलं जात होतं. उत्तरेकडच्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या काफुए नदीवरचं धरण हवं होतं. ते लवकर आणि कमी पैशांत झालं असतं. मार्च १९५५ मध्ये संघराज्याने करिबाची निवड केली, आणि पहिलं वीजघर दक्षिण तीरावर बांधायचं ठरवलं. हा निर्णय वीज आणि राजकारण दोन्हींचा होता, आणि त्यातलं राजकारण वरचढ ठरलं, असं माझं मत आहे. १९५६ मध्ये जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तोवर बँकेने कोणत्याही एका प्रकल्पाला इतकं मोठं कर्ज दिलेलं नव्हतं.

आराखडा फ्रेंच अभियंता आंद्रे कॉइन याचा. १२८ मीटर उंचीची, दोन्ही दिशांनी वळवलेली काँक्रीटची कमान. कमानीची भिंत पाण्याचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या खडकांवर ढकलते, म्हणून तिला काँक्रीट कमी लागतं. तो खडक भक्कम आहे की नाही यावर मात्र सगळं अवलंबून असतं. (याच कॉइनचं फ्रान्समधलं माल्पासे धरण डिसेंबर १९५९ मध्ये एका बाजूचा खडक सरकून फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं वाहून गेली.) बांधकामाचा ठेका मिळाला इंप्रेसिट या इटालियन समूहाला. हजारो आफ्रिकी मजूर आणि शेकडो इटालियन कारागीर त्या भट्टीसारख्या घळईत उतरले. उन्हात लोखंडी अवजारं इतकी तापत की ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी लागत.

नदीने दोनदा तडाखा दिला. १९५७ च्या पुराने कामात पाणी घातलं. १९५८ चा पूर तर कोणाच्याच हिशोबात नव्हता: सेकंदाला सुमारे १६,००० घनमीटर पाणी. घळईवरचे पूल तुटले, यंत्रं बुडाली. हा पूर पाहूनच आराखडा बदलला आणि सांडव्याचे दरवाजे चारांवरून सहा केले. फेब्रुवारी १९५९ मध्ये एका उभ्या विहिरीचं काम चालू असताना मचाण कोसळून १७ मजूर खाली ओल्या काँक्रीटमध्ये पडले. संपूर्ण बांधकामात ८६ माणसं गेली. करिबाच्या टेकडीवर इटालियनांनी सांता बार्बराचं एक गोल चर्च बांधलं, त्यात त्या मृतांची नावं कोरलेली आहेत.

या पुरांवरून एक कथा जगभर पसरली. झांबेझीत न्यामिन्यामी नावाचा देव राहतो, अंग सापाचं आणि तोंड माशाचं. भिंतीने त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट केली म्हणून तो कोपला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. आज करिबाच्या बाजारात न्यामिन्यामी कोरलेल्या काठ्या मिळतात. न्यामिन्यामीवर टोंगांची श्रद्धा होती हे खरं, पण कोपाची ही कथा गोऱ्या लेखकांनी आणि पर्यटनाच्या धंद्याने बरीच रंगवली. गाव सोडायला नकार देणाऱ्यांच्या तोंडी जे होतं ते फार साधं होतं: आमच्या पूर्वजांच्या कबरी इथे आहेत, मालेंदे इथे आहेत, गाळाची जमीन इथे आहे. देवाचा कोप म्हटलं की वाचकाला गंमत वाटते. जमिनीचा हक्क म्हटलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी पहिलीच गोष्ट निवडली.

दोन्ही तीरांवर मिळून सुमारे ५७,००० टोंगा उठवले गेले. दक्षिणेकडे सरकारने फारसं विचारलं नाही. ट्रक आले, माणसं, कोंबड्या, धान्याचे कणगे, मडकी चढवली आणि नदीपासून दूर, रेताड उंचवट्यांवर नेऊन सोडली. उत्तरेकडे सरकारने निदान चर्चेचा मार्ग धरला. गावोगावच्या प्रमुखांना बोलावलं, नव्या जागा दाखवल्या, जबरदस्ती होणार नाही असंही सांगितलं. मग धरणाची उंची वाढवायचं ठरलं. अधिक जमीन बुडणार, म्हणजे सरोवराच्या काठावर सगळ्यांना पुरेशी जमीन उरणार नाही. त्यामुळे प्रमुख चिपेपोच्या मुलखातल्या सुमारे ६,००० माणसांना धरणाच्या खाली, शंभर मैल दूर, लुसितू या ठिकाणी जायला सांगण्यात आलं. तिथे दुसऱ्या भाषेची गोबा माणसं राहत होती, जमीन त्यांची होती, देवठाणी त्यांची होती.

चिसोमोने ठाम नकार दिला. गव्हर्नर सर आर्थर बेन्सन स्वतः गावी गेला, समजावलं, काही उपयोग झाला नाही. त्यानंतर पोलीस आले आणि १० सप्टेंबर घडला. प्रेतं पुरली गेली आणि उरलेल्यांना ट्रकांत भरून लुसितूला नेलं. दिलेलं वचन पहिल्याच अडचणीला मोडणारं सरकार दोन तीरांपैकी अधिक चांगलं होतं, हे इथे विसरून चालणार नाही. दक्षिणेला वचनच नव्हतं.

लुसितूत पुढच्याच वर्षी, १९५९ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, पन्नासहून अधिक बायका आणि मुलं अचानक दगावली. आजार कोणता, याचा नीट उलगडा झाला नाही. अनोळखी रानातली एखादी विषारी वनस्पती पोटात गेली असावी असा एक अंदाज आहे. जुन्या गावात बायकांना प्रत्येक कंद, प्रत्येक पाला ओळखीचा होता. दुष्काळात काय खायचं, काय उकळून कडूपणा काढून खायचं, ही विद्या आईकडून मुलीला येत होती. लुसितूच्या रानात ती विद्या कामी आली नसेल, असं म्हणायला आधार आहे. टोंगांनी स्वतः कारण शोधलं ते परक्या देवठाण्यांच्या अवकृपेत.

डिसेंबर १९५८ च्या सुरुवातीला धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागलं. टेकड्यांची बेटं झाली, बेटांवर प्राणी अडकले. वनाधिकारी रूपर्ट फॉदरगिल आणि त्याचे सोबती बोटींनी जाऊन हरणं, माकडं, रानडुकरं, साप, अगदी गेंडेही सोडवू लागले. दोर काचून जनावरांना जखमा होऊ नयेत म्हणून बायकांचे जुने नायलॉनचे मोजे मागवून त्यांचे मऊ दोर वळले. ‘ऑपरेशन नोआ’ या नावाने ही मोहीम जगभर गाजली. तीत पाच-सहा हजार प्राणी वाचले. त्या माणसांनी जीव धोक्यात घालून केलेलं काम मोलाचंच होतं. पण त्याच वर्षांत जगाने जितक्या आस्थेने बेटावरच्या हरणाचं छायाचित्र पाहिलं, तितक्या आस्थेने लुसितूतल्या पोरक्या मुलाकडे पाहिलं नाही, याची चीड आल्याशिवाय राहत नाही.

१७ मे १९६० रोजी इंग्लंडच्या राजमातेच्या हस्ते उद्घाटन झालं. १९६३ मध्ये सरोवर भरलं: लांबी सुमारे २८० किलोमीटर, क्षेत्र साडेपाच हजार चौरस किलोमीटर. साठवलेल्या पाण्याच्या हिशोबाने मानवनिर्मित जलाशयांत ते आजही जगात सर्वांत मोठं आहे. होडीने पार करायची नदी गेली, तिच्या जागी वादळी लाटांचा समुद्र आला. मामाचं घर परदेशात गेलं. १९६४ मध्ये उत्तरेला झांबिया स्वतंत्र झाला, १९६५ मध्ये दक्षिणेच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि सत्तरच्या दशकातल्या युद्धात हे सरोवर दोन वैऱ्यांमधली हद्द बनलं. भावाच्या मर्तिकाला जाणंही अशक्य झालं.

पाण्याने इतरही रूपं दाखवली. साल्व्हिनिया नावाची तरंगती वनस्पती इतकी माजली की १९६२ च्या सुमारास जवळपास हजार चौरस किलोमीटर पाणी तिने झाकलं. पुढे ती ओसरली. १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून कापेंटा ही बोटभर लांबीची चंदेरी मासळी आणून सोडली. रात्री दिवे लावून जाळ्यात पकडायच्या या मासळीवर आज दोन्ही देशांत मोठा धंदा चालतो. पण दिव्याच्या बोटी, जाळी आणि परवाने ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांना मिळाले. टोंगांच्या वाट्याला बहुतेक मजुरी आली. आणि वीज? ती उंच तारांवरून खाणींकडे आणि शहरांकडे गेली. तारांखालच्या टोंगा वस्त्या कित्येक दशकं अंधारातच राहिल्या.

मराठी वाचकाला करिबाचं नाव अगदीच परकं असू नये, कारण भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत करिबा आणि कोयना शेजारी-शेजारी असतात. करिबाचं सरोवर भरत गेलं तसे परिसरात लहान-लहान धक्के वाढले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये, जलाशय भरल्यावर, सहाच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३, मृत सुमारे दोनशे. साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेला भ्रंश सुटू शकतो, हे समजायला करिबा आणि कोयनेच्या नोंदींनी मोठी मदत केली. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी १९७६ मध्ये धरणं आणि भूकंप यांवर लिहिलेल्या पुस्तकात या दोन्ही ठिकाणांचा अभ्यास आहे.

दुसरा दुवा माणसांचा आहे. १९५६ मध्ये, पाणी यायच्या आधी, एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ग्वेम्बेच्या गावांत जाऊन राहिले. कोणत्या कुळाची कोणती शेतं, कोण कोणाच्या घरी दिलेली, कोणता विधी कुठे, किती धान्य निघतं, सगळं त्यांनी घरोघर लिहून घेतलं. त्यानंतर दर काही वर्षांनी ते त्याच कुटुंबांकडे परत जात राहिले. गावं बुडण्याच्या आधीपासून चालू झालेला इतका लांब अभ्यास दुसऱ्या क्वचितच कुठल्या विस्थापित समाजाचा झाला असेल. कोल्सन अखेर झांबियातच, मोन्झे इथे स्थायिक झाल्या आणि २०१६ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, तिथेच वारल्या. स्कडर १९९८ मध्ये नेमलेल्या जागतिक धरण आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच आयोगावर आपल्या मेधा पाटकरही होत्या. करिबा हे आयोगाने तपशिलात तपासलेल्या धरणांपैकी एक. आयुष्यभर मोठ्या धरणांतून काही भलं होईल अशी आशा बाळगलेल्या स्कडर यांनी उतारवयात सांगितलं की ती आशा चुकीची होती. मोठी धरणं किमतीच्या मानाने परवडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

भिंतीलाही आता वय झालं आहे. सांडव्यातून पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी ८० मीटरहून खोल डोह कोरला आणि तो भिंतीच्या पायाकडे सरकू लागला. २०१७ मध्ये २९ कोटी डॉलरहून अधिक खर्चाची दुरुस्ती सुरू झाली. २०२२ च्या अखेरीस पाणी इतकं आटलं की दक्षिणेकडच्या झिम्बाब्वेच्या बाजूचं वीजघर थांबवावं लागलं, आणि २०२४ च्या दुष्काळात झांबियातली शहरं दिवसाचे कित्येक तास विजेविना राहिली. ज्या नदीच्या चढउताराशी टोंगांनी जुळवून घेतलं होतं, तिच्याशी दोन देशांना अजून जुळवून घ्यायचं आहे.

आज ग्वेम्बेच्या बुडालेल्या गावांबद्दल इतकं नेमकं बोलता येतं ते कोल्सन आणि स्कडर यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांमुळे. कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांची माणसं कोकणापासून सोलापूरपर्यंत विखुरली आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारात असं कोणी असेल तर वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसा. वाड्यांची नावं, शेतांची नावं, ग्रामदैवताची जत्रा कोणत्या तिथीला, नदी कुठे उतरायची, पाणी चढलं त्या वर्षी कोणाची बैलगाडी आली, पहिली रात्र नव्या जागी कशी काढली, जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ती गावं डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत.